येमेनमधील युद्धाकडे तिथला मुसलमान कसा पाहतो? 'शिया-सुन्नी' एवढे उत्तर पुरत नाही

प्रश्न: इतिहासशिक्षक

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. वासुदेव बळवंत फडके यांच्याविषयी शिकवताना दरवर्षी एडनच्या तुरुंगाचा उल्लेख येतो. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला, हे मी कित्येक वर्षे सांगत आलो आहे. यंदा एका मुलीने विचारले, "सर, एडन आता कुठल्या देशात आहे, आणि आज तिथे काय चालले आहे?" येमेनमध्ये आहे आणि तिथे युद्ध चालू आहे, एवढे सांगून मी पुढचा मुद्दा घेतला. तेव्हापासून ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

शिक्षकांच्या खोलीत विषय काढला, तेव्हा एका सहकाऱ्याने शिया-सुन्नींचे जुने वैर आहे असे म्हणून तो मिटवला आणि दुसऱ्याने सगळा दोष अमेरिका व सौदी अरेबियाच्या माथी मारला. दोन्ही उत्तरे इतकी तयार होती की मला त्यांचा भरवसा वाटेना. ज्यांचा स्वतःचा देश असा होरपळतो आहे आणि जे श्रद्धावान मुसलमान आहेत, त्यांना या युद्धाविषयी काय वाटते? ही आग बाहेरच्यांनी लावली असे ते मानतात, की घरातल्यांनाच जबाबदार धरतात? पुण्यात येमेनी विद्यार्थी पुष्कळ आहेत, म्हणून कोणी जाणकार भेटतील या आशेने विचारतो आहे.

उत्तर: एडनची लेक

सर, आपण त्या मुलीचा प्रश्न इतक्या गांभीर्याने घेतलात, याबद्दल आधी आभार मानते. माझे वडील एडनचे आणि आई रत्नागिरीकडची. आईच्या आजोबांनी एडनच्या गोदीत नोकरी केली होती. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे, त्यामुळे कोकणातल्या माणसाला ते गाव परमुलूख वाटत नव्हते. आमच्या क्रेटर भागात आजही म्हातारी माणसे पंख्याला 'बंका' म्हणतात आणि वाट सांगताना 'सीदा' जायला सांगतात. मी शिक्षणासाठी पुण्यात आले, इथेच लग्न झाले आणि इथेच राहिले. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते एका एडनकर मुसलमान बाईचे मत आहे. सगळ्या येमेनच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही.

शिया-सुन्नी या उत्तराविषयी आधी लिहिते, कारण आम्हाला सर्वांत जास्त दुखावणारे उत्तर तेच आहे. येमेनच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात झैदी पंथाचे लोक राहतात, ते शियांमध्ये मोडतात. किनाऱ्यावर आणि दक्षिणेत आम्ही शाफई सुन्नी आहोत. झैदी नमाजात हात खाली सोडतात आणि आम्ही बांधतो, पण माझ्या लहानपणी राजधानी सनाच्या मशिदीत ही दोन्ही माणसे एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहत आणि शेजाऱ्याचे हात कुठे आहेत याकडे कोणी पाहत नसे. माझी सख्खी आत्या नव्हे, पण आत्यासारखीच असलेली वडिलांची एक चुलत बहीण झैदी घरात दिलेली होती, आणि त्या लग्नात पंथाचा विषय निघाल्याचे कोणाला आठवत नाही.

आपण इतिहास शिकवता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. १९६२ मध्ये उत्तर येमेनमधील झैदी इमामाची राजवट उलथवून प्रजासत्ताक जाहीर झाले, तेव्हा इजिप्तने प्रजासत्ताकाच्या बाजूने हजारोंच्या संख्येने सैन्य पाठवले आणि इमामाच्या पाठीशी पैसा व शस्त्रे घेऊन उभा राहिला तो सौदी अरेबिया. म्हणजे ज्या सुन्नी सौदीविषयी आज त्याला झैदी नकोत असे सांगितले जाते, त्याने तेव्हा झैदी इमामाचे सिंहासन वाचवण्यासाठी आठ वर्षे खर्च केला. पुढे २००४ ते २०१० या काळात हुथींविरुद्ध, म्हणजे उत्तरेतील झैदींमधूनच उठलेल्या सशस्त्र गटाविरुद्ध, सहा लढाया करणारे राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह स्वतः झैदी होते. त्याच सालेहांनी २०१४ मध्ये सत्ता परत मिळावी म्हणून हुथींशी हातमिळवणी केली, आणि ४ डिसेंबर २०१७ रोजी हुथींनीच त्यांना ठार केले. पंथ हे या युद्धाचे मूळ असते, तर यातली एकही घटना अशी घडली नसती. पंथाची भाषा नंतर आली आणि बहुतांशी बाहेरच्या वाहिन्यांवरून आमच्या घरात आली, कारण लांबच्या तरुणाला लढायला लावायचे तर बंदर, सीमा आणि सत्ता यांसाठी मर असे सांगून तो येत नाही.

आता बाहेरच्यांविषयी लिहिते. सप्टेंबर २०१४ मध्ये हुथींनी सना घेतले, मार्च २०१५ मध्ये ते सालेहांच्या फौजांसह एडनच्या वेशीवर आले, आणि २६ मार्चला सौदीच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. त्या विमानांना आकाशात इंधन भरून देण्याचे काम अमेरिका नोव्हेंबर २०१८ पर्यंत करत होती. विमाने आणि बॉम्ब प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटनचे होते. दुसऱ्या बाजूला हुथींनी डागलेल्या क्षेपणास्त्रांच्या अवशेषांत इराणी बनावटीचे भाग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना सापडले. ८ ऑक्टोबर २०१६ रोजी सनामध्ये अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांच्या सभागृहावर बॉम्ब पडले आणि सुमारे १४० माणसे गेली. ९ ऑगस्ट २०१८ रोजी साअदा प्रांतातील दहयानच्या बाजारात सहलीला निघालेल्या मुलांच्या बसवर बॉम्ब पडला आणि ४० मुले गेली. त्या बॉम्बच्या तुकड्यांवरून तो अमेरिकेत बनलेला असल्याचे उघड झाले. ती मुले झैदी होती की शाफई, हे मला कोणी सांगू नये.

माझे वडील मात्र बॉम्बने गेले नाहीत आणि गोळीनेही गेले नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये भारतीय नौदलाच्या नौकेने आईला जिबूतीला नेले आणि तिथून हवाई दलाच्या विमानाने ती मुंबईला आली. त्या मोहिमेला 'ऑपरेशन राहत' असे नाव होते. त्यातून सुमारे ४,६०० भारतीय आणि ९०० हून अधिक परदेशी नागरिक बाहेर निघाले. वडील घर सांभाळायला मागे राहिले आणि दोन आठवड्यांत सगळे शांत होईल असे म्हणाले. जूनमध्ये एडनमध्ये डेंग्यूची साथ आली. शहराला वेढा पडलेला होता, पाणी साठवून ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते, वीज नव्हती, आणि जो दवाखाना उघडा होता तिथे सलाईन संपले होते. इथे पुण्यात डेंग्यू झालेल्या माणसाला चार दिवस सलाईन लावून घरी सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहते, आणि दरवेळी मला त्यांचा ताप आठवतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज ३,७७,००० असा दिला आहे. त्यातले सुमारे ६० टक्के लोक भूक, रोगराई आणि उपचारांचा अभाव यांमुळे गेले असे त्यात म्हटले आहे. माझे वडील त्या ६० टक्क्यांतले एक आहेत.

सर, आपण विचारलेत की दोष बाहेरच्यांचा की घरातल्यांचा. एडनला वेढा घालून आमच्यावर तोफगोळे टाकणारे येमेनीच होते. मे महिन्यात तवाही भागातून होड्यांनी पळून जाणाऱ्या बायकापोरांवर गोळे पडले, तेही येमेनी हातांनीच. ताइझ शहराची औषधे आणि पाणी अडवणारे, शेतांत सुरुंग पेरणारेही आमचेच. त्यांना मी बाहेरच्यांच्या आड लपू देणार नाही. पण आमच्याकडे टोळ्यांची भांडणे पूर्वीही होत होती आणि त्यांना एक माप होते. दारूगोळा संपला की शेख, म्हणजे टोळीप्रमुख, मध्ये पडत, बैल कापून तडजोड होई आणि दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, भरली जाई. बाहेरून येणाऱ्या शस्त्रांनी हे माप मोडले. ज्याचा दारूगोळा संपतच नाही, त्याला तडजोडीला बसण्याची गरज वाटत नाही. माझ्या लेखी परकीयांचा खरा अपराध हा आहे.

उत्तर: रायगडचा खलाशी

ताई, आपल्या वडिलांना ईश्वर शांती देवो. मी मालवाहू जहाजांवर अधिकारी म्हणून अनेक वर्षे काढली आहेत आणि युद्धाच्या काळात तांबड्या समुद्रात गहू घेऊन गेलो आहे. बंदरावर काय घडते हे कळल्याशिवाय तिथली भूक समजत नाही, म्हणून तेवढेच लिहितो.

येमेनला लागणाऱ्या गव्हापैकी सुमारे ९० टक्के गहू बाहेरून येतो, आणि देशाची बहुतेक आयात होदेदा बंदरातून होते. ऑगस्ट २०१५ मध्ये हवाई हल्ल्यांत त्या बंदरावरच्या मोठ्या क्रेन निकामी झाल्या. त्यानंतर जहाजावरच्याच यंत्रांनी माल उतरवावा लागे, आणि जे काम थोडक्या दिवसांत उरकायचे त्याला आठवडे लागत. जागतिक अन्न कार्यक्रमाने आणलेल्या चार फिरत्या क्रेन जानेवारी २०१७ मध्ये आघाडीने परत पाठवल्या. त्या होदेदाला पोहोचल्या जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे पूर्ण एक वर्षानंतर. २०१६ पासून जहाजांची तपासणी जिबूतीत संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा करत असे. तिची परवानगी हातात असूनही आघाडीच्या युद्धनौका आम्हाला समुद्रात थांबवून ठेवत. आमच्या जहाजाने असे नांगर टाकून अनेक दिवस काढले. थांबलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे आणि युद्धजोखमीचा वाढीव विमा शेवटी गव्हाच्या भावात जातो, म्हणजे तो खर्च होदेदाच्या बाजारात पीठ घेणाऱ्या बाईनेच भरला. किनाऱ्यावर पोहोचलेला गहूही लोकांपर्यंत जाईलच असे नव्हते. होदेदाच्या गिरण्यांमध्ये ५१,००० टन गहू, म्हणजे ३७ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढे धान्य, सप्टेंबर २०१८ पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लढाईमुळे अडकून पडले होते. जून २०१९ मध्ये हुथींच्या भागात धान्य भलतीकडे वळवले जात असल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाला काही मदत थांबवावी लागली. उपासमार दोन्ही बाजूंनी हत्यारासारखी वापरली, हे मी स्वतः पाहिलेल्या बंदराच्या आधारावर म्हणतो.

उत्तर: तटस्थ वाचक

एडनच्या ताईंच्या दुःखाविषयी पूर्ण आदर राखून एक मुद्दा मांडतो. सौदी आघाडी आपणहून घुसली नव्हती. सालेहांनंतरचे राष्ट्राध्यक्ष हादी यांनी लेखी विनंती केली होती, आणि एप्रिल २०१५ मधील सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक २२१६ ने हादींचेच सरकार वैध मानून हुथींवर शस्त्रबंदी घातली. बळाने राजधानी घेणारे एका बाजूला आणि मान्यताप्राप्त सरकारच्या बोलावण्यावरून आलेले दुसऱ्या बाजूला असताना, दोघांना परकीय हस्तक्षेप या एकाच मापाने मोजणे न्यायाचे आहे का?

उत्तर: एडनची लेक

आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. २६ मार्चच्या त्या रात्री विमानांचा आवाज आला, तेव्हा एडनमध्ये पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास सोडला. माझ्या वडिलांनी फोनवर मला "अल्हम्दुलिल्लाह, आता हे मागे हटतील" असे सांगितले होते, आणि ते मी लपवणार नाही. हुथी रणगाडे ज्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते, त्यांना मदत कोणाची हे निवडण्याची सोय नव्हती.

पण बोलावणे कशासाठी होते आणि त्यातून पुढे काय झाले, हेही पाहावे लागेल. जुलै २०१५ मध्ये हुथी एडनमधून हटले. त्यानंतर संयुक्त अरब अमिरातीने आमच्या शहरात स्वतःच्या पैशाने आणि शस्त्रांनी वेगळ्या फौजा उभ्या केल्या, दक्षिण येमेन वेगळे मागणाऱ्या संक्रमण परिषदेला बळ दिले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्या फौजांनी हादींच्याच सरकारला एडनमधून हुसकावले. सरकारी सैन्य परत येऊ लागले तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस अमिरातीच्या विमानांनी त्या सैन्यावर बॉम्ब टाकले. ज्या सरकारच्या रक्षणाच्या नावाने आघाडी आली, त्या सरकारच्या सैनिकांना आघाडीतील एका देशाने मारले. त्या मधल्या वर्षांमध्ये आमच्या शहरात कित्येक इमाम मशिदीबाहेर गोळ्या घालून मारले गेले. सनात हुथी होते, पण एडनमध्ये तर नव्हते. म्हणून मी म्हणते की वैध बोलावण्याने दार उघडले असेल, पण आत आलेला पाहुणा घराचे वाटे करू लागला तर तो पाहुणा राहत नाही. हुथींचा अपराध यामुळे कणभरही कमी होत नाही.

उत्तर: निवृत्त अरबी शिक्षक, सोलापूर

सरांनी श्रद्धावान मुसलमानाला काय वाटते असे विचारले आहे, म्हणून धर्माच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्याकडे जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) दुआमध्ये साऱ्या उम्मतीसाठी, म्हणजे साऱ्या मुसलमान समाजासाठी, मागणे असते, आणि मी चाळीस वर्षे ती दुआ मागत आलो आहे. परंतु येमेनच्या बाबतीत मला स्वतःशी एक गोष्ट कबूल करावी लागली. परक्या धर्माच्या माणसाने मुसलमानाला मारले की आमच्या भागात पत्रके निघतात, वर्गणी जमते. मुसलमानाने मुसलमानाला मारले की आम्ही मान खाली घालून गप्प बसतो. मक्का-मदिना ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्याविरुद्ध शब्द काढायला जीभ उचलत नाही, आणि पॅलेस्टाइनचे नाव घेणाऱ्या हुथींना व इराणला जाब विचारणेही जड जाते.

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये या प्रसंगासाठीच आज्ञा आहे. श्रद्धावंतांचे दोन गट आपसांत लढले तर त्यांच्यात समेट घडवा, एकाने दुसऱ्यावर अतिक्रमण केले तर तो मागे फिरेपर्यंत त्याला रोखा, आणि मग न्यायाने समेट करा, असा तिचा आशय आहे. या आज्ञेची सुरुवातही समेटाने आहे आणि शेवटही समेटाने. आघाडीच्या समर्थकांनी यातला मधलाच भाग उचलला. पैगंबर साहेबांची (सल्ल.) एक हदीस बुखारीत आहे. भाऊ अत्याचारी असो वा पीडित, त्याला मदत करा असे त्यांनी म्हटले, तेव्हा अत्याचाऱ्याला मदत कशी करायची असे सोबत्यांनी विचारले, आणि त्याचा हात धरून त्याला थांबवा, हीच त्याला मदत, असे उत्तर मिळाले. रियाध, अबुधाबी आणि तेहरान या तिन्ही ठिकाणचे राज्यकर्ते स्वतःला मुसलमान म्हणवतात. त्यांचा हात धरण्याऐवजी आम्ही आपापल्या पसंतीच्या हाताला शाबासकी दिली. बेटी, तुझ्या वडिलांसाठी मगफिरतीची (अल्लाहच्या क्षमेची) दुआ करतो.

उत्तर: इतिहासशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. १९६२ ची गोष्ट मी वर्गात नक्की सांगेन. ताई, एकच विचारायचे राहिले. एप्रिल २०२२ मध्ये शस्त्रसंधी झाल्याचे वाचले होते, तर आता एडनमध्ये निदान रोजचे जगणे सावरले आहे का? आणि २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हुथींचे जे हल्ले सुरू झाले, त्यांकडे आपले लोक कसे पाहतात?

उत्तर: एडनची लेक

एप्रिल २०२२ नंतर हुथींशी होणाऱ्या मोठ्या लढाया आणि त्यांच्यावरचे सौदीचे हवाई हल्ले बहुतांशी थांबले, आणि ऑगस्ट २०१६ पासून प्रवासी विमानांना बंद असलेला सनाचा विमानतळ मे २०२२ मध्ये थोडा उघडला. मधल्या जवळजवळ सहा वर्षांत उत्तरेतल्या ज्या रुग्णांना उपचारासाठी कैरोला किंवा मुंबईला जायचे होते, त्यांना आधी डोंगर आणि चौक्या ओलांडत एडन गाठावे लागे. कित्येक जण वाटेतच गेले. माझी आत्या क्रेटरमध्ये राहते आणि ती निवृत्त शिक्षिका आहे. युद्धाआधी एका डॉलरला सुमारे २१५ रियाल पडत, २०२४ मध्ये एडनमध्ये तोच भाव २,००० च्या वर गेला. २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली, आणि पुढे देशात एकाच नावाचे दोन रियाल दोन भावांनी चालू लागले. आत्याच्या निवृत्तिवेतनाचा आकडा कागदावर तोच आहे, पण त्यात पूर्वी महिनाभर घर चालत असे आणि आता पिठाचे एक पोते आणि थोडे तेल येते. उन्हाळ्यात वीज दिवसातून दोन-तीन तास असते. तिला मी फोन केला की ती आधी 'बंका' चालू आहे की बंद ते सांगते, मग तब्येतीचे.

तांबड्या समुद्राविषयी आमच्यात एकमत नाही. गाझामधील मुलांसाठी रडला नाही असा येमेनी मला माहीत नाही, आणि जहाजांवरचे हल्ले त्यांच्यासाठी आहेत असे हुथींनी सांगितले, तेव्हा सनात लाखो लोक रस्त्यावर आले ते सगळेच जबरदस्तीने आलेले नव्हते. पण जे ताइझला वेढा घालून बसले, त्यांच्या तोंडी मजलूमांची (पीडितांची) कळकळ ऐकताना माझ्या आत्यासारख्यांना यातना होतात. पुढे अमेरिका, ब्रिटन आणि इस्रायल यांचे बॉम्ब पडले. जुलै २०२४ मध्ये इस्रायलने होदेदा बंदरातील तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने रास इसा बंदरावर हल्ला केला, त्यात ७० हून अधिक माणसे गेली. ती बहुतेक तेलाच्या टँकरवर आणि बंदरावर काम करणारी माणसे होती. खलाशी दादांनी सांगितलेले गव्हाचे गणित तिथे पुन्हा सुरू झाले.

सर, त्या मुलीला आणखी एक सांगा. क्रेटरच्या पूर्वेला समुद्रात सीराचा किल्ला आहे, तो अजून उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी संध्याकाळी मासळीचा बाजार भरतो. आत्याने गेल्या महिन्यात तिथून काढलेले दोन फोटो माझ्याकडे आहेत. आपण खासगी संदेशात पत्ता कळवलात, तर वर्गासाठी पाठवून देईन.